औषधांच्या किमती बदलतात तेव्हा: बातमी कशी वाचायची आणि बिल कमी कसं करायचं

मार्च संपत आला की दरवर्षी एक बातमी येते: "एप्रिलपासून औषधं महागणार." त्या आठवड्यात दवाखान्यात एक प्रश्न ठरलेला असतो. "डॉक्टर, तीन महिन्यांच्या गोळ्या आत्ताच घेऊन ठेवू का?" पुढे कधीतरी उलटी बातमी येते, "औषधं स्वस्त झाली", आणि तेच पेशंट विचारतात, "मग माझं बिल तेवढंच कसं?"

दोन्ही प्रश्न रास्त आहेत. आपल्याकडे औषधांच्या किमती एका नियमाने नव्हे, चार-पाच वेगवेगळ्या नियमांनी ठरतात. कोणता नियम बदलला हे बातमीच्या मथळ्यावरून कळत नाही आणि त्याचा तुमच्या गोळीशी संबंध आहे का, हे तर मुळीच कळत नाही. ते कसं ओळखायचं, हे या लेखात पाहू.

हा विषय मला फक्त पैशांचा वाटत नाही. रक्तदाब, मधुमेह, दमा, थायरॉइड, फिट्स या आजारांची औषधं वर्षानुवर्षं रोज घ्यावी लागतात. बिल जड व्हायला लागलं की अनेक लोक दुकान बदलत नाहीत, ब्रँड बदलत नाहीत, थेट डोस बदलतात. बीपीची गोळी एक दिवसाआड घेतात. इन्सुलिनची दोन युनिटं कमी करतात. इनहेलर "त्रास झाला तरच" वापरतात. आणि हे डॉक्टरांना सांगत नाहीत, कारण सांगायला संकोच वाटतो. मग तपासणीत बीपी वाढलेलं दिसतं, डॉक्टरांना वाटतं औषध पुरत नाही, आणि चिठ्ठीत आणखी एक गोळी वाढते. बिलही वाढतं. हे चक्र थांबवायचं असेल तर किमतीचं गणित पेशंटला आणि घरच्यांना कळायला हवं.

तुमचं औषध यादीत आहे की यादीबाहेर?

सगळ्यात आधी हा प्रश्न. केंद्र सरकारची अत्यावश्यक औषधांची एक राष्ट्रीय यादी आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये जाहीर झालेल्या यादीत ३८४ औषधं आहेत. 'औषध किंमत नियंत्रण आदेश, २०१३' नुसार या यादीतल्या औषधांवर कमाल किंमत लागू होते. ती ठरवण्याचं काम राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणाकडे, म्हणजे एनपीपीएकडे आहे. ही संस्था १९९७ पासून काम करते आहे.

कमाल किंमत काढण्याची पद्धत सोपी आहे. बाजारात ज्या ब्रँडांचा वाटा किमान १ टक्का आहे, त्यांच्या दुकानदाराला पडणाऱ्या किमतींची सरासरी काढतात. त्यावर दुकानदाराचा १६ टक्के नफा मिळवतात. ती झाली कमाल किंमत. जीएसटी त्यावर वेगळा. ब्रँडेड असो वा जेनेरिक, त्या औषधाची त्या ताकदीची गोळी यापेक्षा महाग विकता येत नाही.

इथे एक मेख आहे. ही किंमत औषध बनवायच्या खर्चावरून ठरत नाही, बाजारात आधीच चालू असलेल्या किमतींवरून ठरते. त्यामुळे फार महाग ब्रँड खाली येतात, पण किमती अगदी तळाला जात नाहीत. कमाल किंमत हे छत आहे. त्याच औषधाचे छताच्या बरेच खाली विकले जाणारे ब्रँडही असतात.

यादीबाहेरच्या औषधांना असं छत नसतं. त्यांच्यासाठी नियम एवढाच की कंपनीने बारा महिन्यांत छापील किंमत १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायची नाही. देशातल्या औषधविक्रीचा मोठा भाग या गटात येतो.

यादीत औषधाच्या नावाबरोबर त्याचा प्रकार आणि ताकदही दिलेली असते. म्हणजे एखादी गोळी एका ताकदीत यादीत असेल आणि दुसऱ्या ताकदीत नसेल, असं होऊ शकतं.

एप्रिलची वाढ: किती आणि कोणावर?

यादीतल्या औषधांची कमाल किंमत दरवर्षी १ एप्रिलला घाऊक किंमत निर्देशांकानुसार बदलते. आधीच्या कॅलेंडर वर्षात निर्देशांक जेवढा बदलला, तेवढीच वाढ कंपन्यांना करता येते. मागचे आकडे पाहा:

- एप्रिल २०२२: सुमारे १०.७७ टक्के
- एप्रिल २०२३: सुमारे १२.१२ टक्के
- एप्रिल २०२४: ०.००५५१ टक्के
- एप्रिल २०२५: सुमारे १.७४ टक्के

२०२२ आणि २०२३ ची वाढ खरोखर जाणवणारी होती. लागोपाठ दोन वर्षांत दहा टक्क्यांच्या वर. २०२४ ची वाढ मात्र शंभर रुपयांमागे जेमतेम अर्धा पैसा होती, तरीही "औषधं महागणार" अशा बातम्या आल्याच. २०२५ ची वाढ महिन्याच्या १,००० रुपयांच्या औषधांमागे साधारण १७ रुपये होते, तीसुद्धा सगळी औषधं यादीतली असतील आणि कंपनीने पूर्ण वाढ केली असेल तर. ही वाढ करण्याची परवानगी आहे, सक्ती नाही.

म्हणून बातमी वाचताना फक्त टक्केवारी शोधा आणि तुमच्या महिन्याच्या बिलावर लावून पाहा. १.७४ टक्क्यांसाठी तीन महिन्यांचा साठा करून फार तर ५०-५२ रुपये वाचतात. मधल्या काळात डोस बदलला किंवा औषध बंद झालं, तर त्याच्या कितीतरी पट पैसे वाया जातात. साठ्यातल्या इन्सुलिनला तर फ्रिजही लागतो.

जीएसटी कमी झाला, त्याचं काय?

२२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक औषधांवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. ३३ जीवरक्षक औषधांवरचा १२ टक्के कर शून्य झाला. याशिवाय कर्करोग, दुर्मिळ आजार आणि इतर गंभीर जुनाट आजारांवरच्या ३ औषधांवरचा ५ टक्के करही शून्य झाला. ग्लुकोमीटर आणि त्याच्या पट्ट्यांवरचा कर १२ वरून ५ टक्के झाला.

आता हिशेब. मूळ किंमत १०० रुपये असलेलं औषध आधी करासह ११२ रुपयांना होतं, आता १०५ ला. म्हणजे ७ रुपये कमी. छापील किमतीच्या मानाने ही घट सव्वासहा टक्के भरते. महिन्याला २,००० रुपयांची औषधं असतील तर साधारण १२५ रुपये वाचायला हवेत. "बिल अर्धं होईल" अशी अपेक्षा होती त्यांची निराशा झाली, पण वर्षाचे दीड हजार रुपये ही लहान रक्कम नाही. इन्सुलिनवर मात्र आधीपासूनच ५ टक्के कर होता, त्यामुळे ते घेणाऱ्यांना या बदलात फरक दिसला नाही.

कर कमी झाल्यावर जुन्या स्ट्रिपवर नवीन स्टिकर लावण्याची सक्ती कंपन्यांवर नव्हती. दुकानदारापर्यंत नवी किंमतसूची पोहोचवून सुधारित दराने विक्री होईल, हे पाहणं पुरेसं होतं. म्हणजे स्ट्रिपवर जुनी किंमत छापलेली असली तरी बिल नव्या दराने व्हायला हवं. बिल मागा आणि त्यावर जीएसटी किती लावला आहे ते पाहा. ही सवय एकदा लागली की वर्षभर उपयोगी पडते.

"३५ औषधांच्या किमती निश्चित": ही बातमी कोणासाठी?

अशी बातमी अधूनमधून येते. त्यात मधुमेह, रक्तदाब, कोलेस्टेरॉल यांच्या गोळ्यांची नावं असतात आणि वाचणाऱ्याला वाटतं, आपली गोळी स्वस्त झाली. बहुतेक वेळा तो अर्थ बरोबर नसतो.

कंपनी यादीतल्या एखाद्या औषधात दुसरं औषध मिसळून नवी मिश्र गोळी आणते, किंवा त्या औषधाची नवी ताकद आणते, तेव्हा तिला एनपीपीएकडून किरकोळ किंमत ठरवून घ्यावी लागते. बातमीतली किंमत ही त्या ठरावीक कंपनीच्या त्या ठरावीक गोळीची असते. इतर कंपन्यांच्या तशाच गोळीला ती आपोआप लागू होत नाही. एकाच मिश्रणाच्या दोन ब्रँडांच्या किमतीत मोठा फरक दिसतो, त्याचं हे एक कारण.

मिश्र गोळीबद्दल आणखी एक गोष्ट. टेल्मिसार्टन आणि अ‍ॅम्लोडिपिन ही बीपीची दोन्ही औषधं सुटी असताना यादीत आहेत. त्यांची मिश्र गोळी मात्र यादीत नाही. रोज एकच गोळी घ्यायची असली की पेशंट ती चुकवत नाहीत, हा मिश्र गोळीचा खरा फायदा आहे आणि मी त्या लिहितो. पण पैशांची ओढाताण असेल तर "याच दोन औषधांच्या वेगळ्या गोळ्या घेतल्या तर स्वस्त पडेल का?" हा प्रश्न डॉक्टरांना जरूर विचारा. कधी स्वस्त पडतं, कधी नाही.

५० टक्के वाढ, आणि तरीही पेशंटच्या हिताची?

ऑक्टोबर २०२४ मध्ये एनपीपीएने ८ औषधांच्या ११ प्रकारांची कमाल किंमत एकदम ५० टक्क्यांनी वाढवली. त्यात दम्याचं साल्ब्युटामॉल, काचबिंदूचे पिलोकार्पिनचे थेंब, क्षयरोगाचं स्ट्रेप्टोमायसिन, थॅलेसेमियाच्या रुग्णांना लागणारं डेस्फेरिऑक्सामिन, बेन्झिल पेनिसिलिनचं इंजेक्शन आणि मानसिक आजारातलं लिथियम ही नावं होती. २०१९ आणि २०२१ मध्येही काही औषधांबाबत असंच केलं होतं.

मथळा वाचून राग येतो. पण ही औषधं जुनी आणि फार स्वस्त आहेत. कच्च्या मालाचा खर्च वाढला आणि छत जागच्या जागी राहिलं, तर कंपनीला ते औषध बनवणं परवडत नाही. मग ती उत्पादन थांबवते. लिथियमवर स्थिर असलेल्या पेशंटला गोळी थोडी महाग मिळाली तर निभावता येतं. गोळी मिळालीच नाही तर आजार उलटतो आणि त्याची किंमत सगळं घर मोजतं. त्यामुळे "किंमत कमी" ही बातमी नेहमीच चांगली आणि "किंमत जास्त" ही नेहमीच वाईट, असं नसतं. औषध मिळत राहणं ही पहिली गरज आहे.

यादीतलं औषध बंद करायचं असेल तर कंपनीने किमान सहा महिने आधी सरकारला कळवावं आणि जाहीर सूचना द्यावी, असा नियम आहे. तुमचं नेहमीचं औषध दोन-तीन दुकानांत सलग मिळेनासं झालं तर शेवटच्या गोळीपर्यंत थांबू नका. पंधरा दिवसांचा साठा उरलेला असतानाच डॉक्टरांना सांगा.

सगळ्यात मोठी घट पेटंट संपल्यावर

माझ्या अनुभवात बिल खरोखर कमी होतं ते पेटंट संपल्यावर. व्हिल्डाग्लिप्टिन, सिटाग्लिप्टिन, डापाग्लिफ्लोझिन ही मधुमेहाची औषधं गेल्या काही वर्षांत याच मार्गाने आवाक्यात आली. मार्च २०२५ मध्ये एम्पाग्लिफ्लोझिनचं पेटंट संपलं. तोवर एका गोळीला साठ रुपयांच्या आसपास पडत होते, त्यानंतर काही कंपन्यांनी ती दहा रुपयांच्या आत आणली.

पण हा फायदा आपोआप मिळत नाही. जुन्या चिठ्ठीवर जुना ब्रँड लिहिलेला असेल आणि तुम्ही दर महिन्याला तीच चिठ्ठी दाखवत असाल, तर दुकानदार तोच ब्रँड देणार. चिठ्ठीवर ब्रँडचं नाव असताना त्याने परस्पर दुसरा ब्रँड द्यायचा नाही, असा नियमच आहे. म्हणून वर्षातून निदान एकदा सगळ्या गोळ्यांची पिशवी घेऊन डॉक्टरांकडे जा आणि विचारा: "यातलं कुठलं औषध आता स्वस्त ब्रँडमध्ये मिळतं? आणि यातलं कुठलं आता लागत नाही?" दुसऱ्या प्रश्नाने कधी कधी पहिल्यापेक्षा जास्त पैसे वाचतात.

"८० टक्के सूट" ची पाटी

छापील किंमत म्हणजे विकण्याची कमाल मर्यादा. ती खरी किंमत असतेच असं नाही. काही जेनेरिक औषधांवर छापील किंमत मुद्दाम जास्त ठेवलेली असते आणि दुकानदाराला ती फार स्वस्त मिळतात. समजा स्ट्रिपवर १०० रुपये छापलेत आणि दुकानदाराला ती २० ला पडली. त्याने तुम्हाला ५० टक्के सूट दिली तरी त्याला ३० रुपये सुटतात. तुम्ही मात्र सूट मिळाली म्हणून खूश.

म्हणून टक्केवारीची तुलना करू नका. "हातात पडलेल्या एका गोळीला किती रुपये लागले?" एवढंच पाहा. स्ट्रिपमध्ये कधी १० गोळ्या असतात, कधी १५, त्यामुळे स्ट्रिपची स्ट्रिपशी तुलनाही फसवी ठरते.

प्रधानमंत्री भारतीय जनऔषधी केंद्रांत छापील किंमतच कमी असते, ब्रँडेड औषधांपेक्षा साधारण ५० ते ८० टक्क्यांनी. देशात अशी १५,००० हून अधिक केंद्रं आहेत. औषधांच्या प्रत्येक खेपेची मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासणी होते. प्रत्येक केंद्रात प्रत्येक औषध नेहमी असेलच असं नाही, म्हणून जाण्यापूर्वी फोन करून विचारा. चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून घ्या. डॉक्टरांनी मूळ नावानेच औषध लिहावं असा नियम २०२३ मध्ये आला होता, पण तो त्याच महिन्यात स्थगित झाला. त्यामुळे तुम्हाला मागून घ्यावं लागेल. मागायला काहीच हरकत नाही.

स्वस्त पर्याय घ्या, पण इथे जपून

बहुतेक औषधांचा ब्रँड बदलला तर काही बिघडत नाही. पुढची औषधं मात्र परस्पर बदलू नका:

- फिट्सची औषधं. एका ब्रँडवर फिट्स थांबल्या असतील तर डॉक्टरांना विचारूनच बदल करा.
- थायरॉइडची गोळी. ब्रँड बदलल्यास सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच तपासा.
- रक्त पातळ करणारं वॉरफेरिन, लिथियम, आणि अवयव प्रत्यारोपणानंतरची औषधं. यांच्या रक्तातल्या प्रमाणात थोडा फरकही महागात पडतो.
- नावापुढे एसआर, ईआर किंवा एक्सएल असलेल्या गोळ्या. या हळूहळू विरघळणाऱ्या असतात. त्यांच्या जागी साधी गोळी चालत नाही.
- इन्सुलिन. एक इन्सुलिन दुसऱ्याच्या जागी परस्पर घेऊ नका. व्हायल ४० युनिटची असेल तर सिरिंजही ४० चीच हवी. १०० च्या सिरिंजने घेतल्यास डोस चुकतो. स्वस्त व्हायलवर जाताना ही गोष्ट डॉक्टरांकडून किंवा नर्सकडून समोर बसून शिकून घ्या.

पैसे कमी पडत असतील तर

हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा. "महिन्याला औषधांवर एवढेच पैसे खर्च करू शकतो" असं आकड्यात सांगितलंत तर आम्हाला त्यात बसणारी चिठ्ठी लिहिता येते. कोणती गोळी एक दिवसही चुकवायची नाही आणि कोणती थोडे दिवस थांबवता येईल, हे आम्हीच ठरवायला हवं. हृदयात स्टेंट बसवल्यानंतर रक्त पातळ ठेवण्याची गोळी आणि अ‍ॅसिडिटीची गोळी एकाच तागडीत तोलता येत नाहीत. पैशांअभावी पेशंट स्वतः निवड करतात तेव्हा नेमकी महाग वाटणारी गोळी थांबते, आणि बऱ्याचदा तीच सर्वात गरजेची असते.

महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत आणि आरोग्य केंद्रांत ऑगस्ट २०२३ पासून उपचार निःशुल्क आहेत. बीपी आणि मधुमेहाची नेहमीची औषधं तिथे मिळतात का, हे एकदा जाऊन पाहा. महात्मा फुले जनआरोग्य योजना मुख्यतः दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहे, त्यामुळे घरच्या रोजच्या गोळ्यांचा खर्च त्यातून भागेल असं धरून चालू नका.

जादा पैसे घेतले असतील तर

एनपीपीएचं 'फार्मा सही दाम' नावाचं मोबाइल अ‍ॅप आहे. त्यात औषधाचं किंवा ब्रँडचं नाव टाकून किंमत पाहता येते आणि त्याच औषधाच्या दुसऱ्या ब्रँडांच्या किमतीही दिसतात. दुकानदाराने किंमतसूची दर्शनी जागी लावायची असते. सूचीतली आणि स्ट्रिपवरची किंमत वेगळी असेल तर जी कमी असेल तीच लागू होते. जादा घेतल्याची तक्रार एनपीपीएकडे किंवा राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे करता येते. कंपनीने जादा आकारलेली रक्कम व्याजासह वसूल होते, पण ती सरकारकडे जमा होते, तुमच्या खिशात परत येत नाही. म्हणून पैसे देण्यापूर्वी पाहणं हे तक्रारीपेक्षा जास्त उपयोगाचं.

पुढच्या वेळी किमतींची बातमी वाचाल तेव्हा तीन गोष्टी पाहा: माझं औषध यादीत आहे का, टक्केवारी किती आहे, आणि माझ्या महिन्याच्या बिलात त्याचे किती रुपये होतात. उत्तर काहीही आलं तरी गोळी चालू ठेवा, आणि बिल झेपत नसेल तर पुढच्या भेटीची वाट न पाहता डॉक्टरांना फोन करा.